काचीगुडा ते लेंडीकाठ : एका जीपची सोंड

हैदराबादच्या मराठी वाचकाला काचीगुडा स्टेशनची ओळख करून देण्याचे कारण नाही. निजामाच्या रेल्वेने १९१६ साली उभारलेली ती घुमट-मिनारांची इमारत म्हणजे आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे महाद्वारच होय. नांदेड, परभणी, जालना या बाजूंनी कोणी वकिलीसाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी मनमाडच्या मीटरगेजने आले, ते याच फलाटावर उतरले आणि फार दूर न जाता सुलतान बाजार, बडी चावडी, बरकतपुरा, काचीगुडा याच परिसरात त्यांनी बिऱ्हाडे थाटली. तथापि गावाकडची जमीन, कुलदैवत आणि पितरांच्या तिथी ही तीन बंधने त्यांनी सोडली नाहीत. भाद्रपदाचा वद्य पक्ष आला की काचीगुड्याच्या अनेक घरांतून आजही कोणी ना कोणी मराठवाड्याची वाट धरतो. आणि भाद्रपद म्हणजे पाऊस. पाऊस म्हणजे ओढे-नाले.

पाण्याचा धाक काचीगुडेकरांना गावी गेल्यावरच कळतो असे मात्र नाही. स्टेशनातून मुसीच्या दिशेने चालू लागले की अर्ध्या तासाच्या आत चादरघाट येतो. बंधाऱ्यावरून चादरीसारखे पाणी पडे म्हणून चादरघाट, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. येथे १८३१ साली बांधलेला ऑलिफंट साहेबाचा पूल आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो महापूर आला त्यात हा पूल, अफझल पूल आणि मुसल्लम जंग पूल असे तीन पूल फुटले. १५७८चा पुराना पूल तेवढा उभा राहिला. मृतांचा अंदाज पंधरा हजारांच्या घरात जातो. त्यानंतर १९०९ साली विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि पुढे १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे दोन तलाव झाले. त्यामुळे शहर निर्धास्त झाले खरे, परंतु नदी पुरती वठणीवर आली नाही. चादरघाटाला मोठ्या पुलाखेरीज नदीपात्राला जवळजवळ टेकलेला एक ठेंगणा पूल आहे. तलावांचे दरवाजे उघडले की तो पाण्याखाली जातो. जुलै २०२२ मध्ये तो आणि मूसारामबागचा तसलाच पूल असे दोन्ही वाहतुकीला बंद करावे लागले होते. सप्टेंबर २०२५च्या अखेरीस तर पाणी थेट इमलीबनच्या मोठ्या बसस्थानकात शिरले.

१३ ऑक्टोबर २०२०च्या रात्री शहरात जो पाऊस कोसळला, त्या रात्रीनंतर एक वाक्प्रयोग घरोघर झाला : ‘इंजिनात पाणी गेले.’ इमारतींच्या सेलरमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या, त्या बिचाऱ्यांचे सोडा. पण पाणी ओसरल्यावर ज्यांनी उत्साहाने किल्ली फिरवली, त्यांनी आपल्या हाताने इंजिन मोडून घेतले. हे असे का होते, हे मला एका उस्तादाने काचीगुड्याच्या मागच्या गल्लीत समजावून सांगितले. या लेखाचे निमित्तही तोच आहे.

आमच्या धाकट्या चुलतभावाकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे. देगलूरपासून काही कोसांवर लेंडी नदीच्या खोऱ्यात आमचे गाव. गावाच्या अलीकडे एक ओढा आडवा येतो आणि त्यावर फरशी आहे. फरशी म्हणजे पूल नव्हे. पात्रातच नळकांडी टाकून वर काँक्रीट ओतलेला रस्ता. पाणी थोडे असेल तर ते नळकांड्यांतून जाते, अधिक झाले की रस्त्यावरून जाते. असे पावसाळ्यातून चार-पाच वेळा तरी होते, आणि त्या वेळी गावातल्या आजाऱ्याला देगलूरला नेण्याचे काम या जीपकडे येते. जीपचे इंजिन पाण्यात गुदमरू नये असा काही उपाय स्वस्तात होईल का, हे विचारायला भाऊ २०२५च्या पावसाळ्यात ती घेऊन काचीगुड्याला आला. त्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने हसनाळसारखी गावे रातोरात वेढली होती आणि माणसे दगावली होती, त्यामुळे त्याच्या विचारण्यात नुसती हौस नव्हती.

उस्ताद म्हणजे साठीच्या पुढचे गृहस्थ. त्यांनी बॉनेट उघडले, एअर क्लीनरवर बोट ठेवले आणि म्हणाले, “ये इसकी नाक है साब. नाक डूबी तो आदमी मरता, गाडी भी मरती.”

इंजिन हे हवा पिणारे जनावर आहे. या जीपच्या चार सिलिंडरांचे मिळून आकारमान २११२ घन सेंटीमीटर. दर दोन फेऱ्यांत ते एकदा एवढी हवा आत ओढते. मिनिटाला दोन हजार फेरे होत असतील तर मिनिटाला सुमारे २१०० लिटर हवा झाली. ही हवा दट्ट्या वर येताना दाबली जाते. डिझेल इंजिनात ती मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागात कोंबली जाते असे समजा. म्हणजे दट्ट्या पूर्ण वर आला असता एका सिलिंडरात उरते ती जागा जेमतेम २८ घन सेंटीमीटरची, चहाच्या साडेपाच चमच्यांएवढी. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. हवेबरोबर सहा चमचे पाणी सिलिंडरात गेले की दट्ट्या वर येता येता भिंतीवर आदळावा तसा अडतो आणि मागचे चाक तर जोरात फिरत असते. अशा वेळी वाकतो तो कनेक्टिंग रॉड. बंद पडलेल्या, भिजलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणे म्हणजे हाच घाला आपल्या हाताने घालणे. इंजिन पाण्यात बंद पडले तर त्याला हात न लावता गाडी ओढून बाहेर काढावी. डिझेल असेल तर इंजेक्टर, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवावे आणि आतले पाणी त्या भोकांतून फेकून द्यावे, मगच पुढचा विचार करावा. नेहमीच्या विम्यात अशा आतल्या मोडतोडीची भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

यावरचा उपाय ऐकायला अगदी सोपा आहे : नाक वर न्यावे. १९३०च्या दशकात एका डच नौदल अधिकाऱ्याने पाणबुडीला अशी श्वासनळी बसवली. जर्मनांनी ती उचलली आणि त्यांच्या भाषेतूनच ‘स्नॉर्केल’ हे नाव जगभर झाले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ साली दोस्तांच्या ज्या जीपगाड्या उतरल्या, त्यांच्याही हवेच्या आणि धुराच्या नळ्या उंच केलेल्या होत्या. पण एवढे दूर जायला नको. आपल्या शेतातला ट्रॅक्टर पाहावा. त्याच्या बॉनेटवर जे छत्रीसारखे टोपण दिसते, तेथूनच तो हवा घेतो. शेतकरी हे रोज पाहतो, मात्र त्याचा जीपशी संबंध जोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

बाजारात तयार स्नॉर्केल मिळतात आणि नव्या गाड्यांसाठी ते चांगलेही असतात, परंतु त्यांची किंमत जुन्या जीपच्या मालकाला परवडणारी नसते. उस्तादांनी भावाच्या हातात एक चिठ्ठी दिली. ट्रूप बाजारातून ७५ मिलिमीटरचा जाड पीव्हीसी नळ, सहा फूट. त्याचेच ४५ अंशांचे चार बाक. रानीगंजातून तारेचे वेटोळे आत असलेला रबरी होज, दोन फूट, आणि सहा क्लिपा. जुमेरात बाजारातून ट्रॅक्टरचे जुने प्री-क्लीनर टोपण. माझ्याकडे दुसरे काम नव्हते म्हणून मीही बरोबर गेलो. घासाघीस करण्यात भाऊ माझ्यापेक्षा वाकबगार आहे. मजुरी धरून सगळा खर्च अडीच हजार रुपयांच्या आत बसला.

या चिठ्ठीतली प्रत्येक वस्तू का निवडली, हे विचारले तेव्हा उस्ताद खुलले. काटकोनी बाक का नाही? कारण हवेलाही वळण बोचते. दोन अर्धे बाक जोडले की ती सावकाश वळते. बॉनेटच्या आत पीव्हीसी का नाही? कारण तो नळ ऐंशी अंशांच्या आतच मऊ पडू लागतो आणि धुराच्या मॅनिफोल्डजवळ तो टिकणार नाही. तेथे रबरच हवे. रबरात तार का? कारण इंजिनाची ओढ एवढी असते की साधा होज आतल्या आत चिकटून बसेल. नळ ७५चाच का? बारीक नळाने इंजिन धापा टाकते, काळा धूर सोडते आणि डिझेल अधिक खाते. ट्रॅक्टरचे टोपण मात्र केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ते हवेला भोवरा देऊन धूळ आणि पावसाचे थेंब बाहेर फेकते, म्हणून उन्हाळ्यातही उपयोगी.

या जीपला तेलाच्या वाटीचा जुना एअर क्लीनर आहे. त्याच्या तोंडावर पत्र्याची एक गळपट्टी डाक देऊन बसवली, तिला होज, होजला नळ, आणि नळ बाजूच्या पत्र्यातून बाहेर काढून पुढच्या काचेच्या चौकटीला पट्ट्यांनी आवळला. टोपण काचेच्या वरच्या कडेला आले. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होऊ नये म्हणून नळाला काळा रंग दिला. गल्लीतल्या पोरांनी जीपचे नाव ‘गणपती’ ठेवले. (मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमान्वये गाडीत मूळ बनावटीशी विसंगत फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर बोट ठेवले आहे. म्हणून पत्रा कापण्यापूर्वी भावाने नोंदणी कार्यालयात विचारून घेतले. आपणही घ्यावे.)

सगळे जोडून झाल्यावर जी परीक्षा झाली ती मला फार आवडली. उस्तादांनी इंजिन सुरू केले, एका सपाट लाकडी फळीला रबराचा तुकडा लावला आणि ती टोपण काढलेल्या नळाच्या तोंडावर दाबून धरली. “गला दबाए तो मरना. नहीं मरा तो समझो कहीं चोरी से सांस ले रा.” हवा जर फक्त नळाच्या तोंडातूनच येत असेल, तर तोंड बंद होताच इंजिन चार-दोन सेकंदांत थांबले पाहिजे. ते थांबले नाही. भुर्रभुर्र करीत चालूच राहिले. म्हणजे कोठेतरी सांध्यातून हवा येत होती; आणि जेथून हवा येते तेथूनच पाणी येणार. गळपट्टीची डाक एका जागी सुटली होती. ती पुन्हा दिली, सांधे पुन्हा आवळले. तिसऱ्या खेपेला फळी टेकताच इंजिन एक आचका देऊन गप्प झाले तेव्हा म्हातारा समाधानाने हसला. माझ्या मते स्वस्त स्नॉर्केल आणि महाग स्नॉर्केल यांत खरा फरक या परीक्षेचाच आहे. गळका सांधा असलेली महागडी सोंड ही निव्वळ शोभा.

सोंड लावली म्हणजे काम संपले असा समज अनेकांचा असतो. चाकांच्या आसांच्या मधोमध जो गोळा दिसतो, त्या डिफरेन्शियलमध्ये तेल असते आणि त्याला श्वास घ्यायला वर एक बारीक छिद्र असते. दोन तास धावून तापलेला तो गोळा थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो त्या छिद्रातून, सीलमधून पाणी ओढून घेतो. म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना आणि गिअरबॉक्सला बारीक रबरी नळ्या जोडून त्यांची टोके बॉनेटपर्यंत वर नेली. खर्च अगदी किरकोळ. पण हे न करणारेच अधिक. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे भिजण्याची तितकी भीती नाही. पेट्रोलच्या जीपला मात्र डिस्ट्रिब्यूटर आणि कॉइल यांना ग्रीस फासून सायकलच्या ट्यूबचे वेष्टण घालावे लागते.

सगळे आटोपल्यावर उस्तादांनी कोपऱ्यातला एक बांबू उचलला. जीपच्या चाकाशी तो उभा धरून हबच्या उंचीवर, सुमारे ४० सेंटीमीटरवर, तांबड्या रंगाची रेघ मारली. आणि बंपरच्या वर, सुमारे ७० सेंटीमीटरवर, पांढरी. म्हणाले, पाणी उभे असेल तर पांढऱ्या रेघेपर्यंत जा. पाणी वाहते असेल तर तांबड्या रेघेपुढे नाही. भाऊ चकित झाला. नळाचे तोंड तर साडेसहा फुटांवर. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? उस्ताद म्हणाले, “वो नाक इंजन की है. आपकी नाक मैं कैसा ऊपर करूं?” बांबूचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

त्यांचे म्हणणे मी घरी येऊन कागदावर पडताळून पाहिले. जीपची साडेतीन मीटर लांबीची बाजू ४० सेंटीमीटर पाण्यात आहे असे धरा. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने वाहत असेल, तर तिच्यावर आडवा रेटा येतो ढोबळमानाने ७० किलोंचा. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे २८० किलो. तिप्पट झाला की सहाशेच्या वर. शिवाय पाणी गाडीला उचलूही लागते आणि चाकांची पकड तेवढी सुटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने तर सरळ सांगून ठेवले आहे की वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार वाहून जाऊ शकते आणि दोन फूट असले तर बहुतेक सारी वाहने. नव्या थारची निर्मात्यांनी सांगितलेली पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. तो आकडा वाचून फरशीवर गाडी घालणारे तरुण ती मर्यादा यंत्राची असते आणि प्रवाहाबद्दल ती काहीच सांगत नाही, हे विसरतात.

१४ सप्टेंबरला, अष्टमीला, वडिलांचा पक्ष होता. पहाटे साडेचारला आम्ही काचीगुड्याहून निघालो : भाऊ चालवायला, मी, आणि मागे वहिनी दोन डब्यांसह. संगारेड्डी, जोगीपेट, पिटलम, मदनूर असा हा रस्ता. देगलूरपर्यंत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मदनूरच्या सुमारास पाट्यांवरची तेलुगू विरळ होऊ लागते आणि चहाच्या टपरीवर मराठी कानी पडते. सीमा कागदावर जेथे आहे तेथे ती बोलण्यात नाही. हे या रस्त्यावर नेहमी जाणवते. देगलूरला गरम सुशीला खाल्ला. रात्रभर पाऊस झाला होता, असे टपरीवाला म्हणाला.

साडेनऊला ओढ्यावर पोहोचलो तेव्हा फरशी दिसत नव्हती. कडेला चुना लावलेले दगडी खुंट असतात, त्यांची फक्त डोकी वर होती. पाणी गढूळ, तांबूस. मध्येच एखादी फांदी गरगरत जाई. पलीकडच्या काठावर दहा-पंधरा माणसे उभी होती, अलीकडे चार मोटारसायकलवाले. एक ट्रॅक्टर आमच्यादेखत पलीकडून आला आणि पार झाला. त्याबरोबर सगळ्यांच्या नजरा आमच्या काळ्या सोंडेकडे वळल्या. एक पोरगा म्हणाला, “नळी लावलीय न्हवं काका? मग कायला भेता?”

भावाने बांबू घेतला आणि काठाजवळ, फरशीच्या तोंडाशी, तो पाण्यात उभा केला. पाणी तांबड्या रेघेच्या वर चार बोटे होते, आणि हे कडेला, मध्यभागी अधिकच. मग त्याने कणसाचे एक वाळके पान पाण्यात टाकले आणि काठाने त्याच्याबरोबर चालू लागला. पाच पावलांत पान त्याच्या पुढे निघून गेले. ट्रॅक्टर गेला होता तो त्याच्या वजनावर आणि त्याच्या मोठ्या चाकांवर. आणि खरे सांगायचे तर त्यानेही जायला नको होते.

इतक्यात गुरुजींचा फोन आला. त्यांना तीन वाजता दुसऱ्या घरी पक्षाला जायचे होते. तुम्ही एकपर्यंत याल ना, असे त्यांनी विचारले. भावाने माझ्याकडे पाहिले. तिथी वडिलांची, कर्ता मी. घरी चुलीवर स्वयंपाक चढला होता, खीर-वड्यांची तयारी झाली होती, आणि आमच्यामध्ये तीस पावले पाणी. मी गुरुजींना म्हणालो, पाणी उतरले तर येतो. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाहीच जमलं तर सर्वपित्रीला करू. शास्त्राची हरकत नाही.” वहिनींनी काही न बोलता थर्मास उघडला.

ओढ्याचा एक गुण आहे. मोठ्या नदीचा पूर दिवसच्या दिवस राहतो. ओढ्याचे पाणलोट लहान, म्हणून तो चढतो चटकन आणि वरचा पाऊस थांबला तर उतरतोही चटकन. भावाने पाण्याच्या काठाला एक पांढरा दगड ठेवला. अर्ध्या तासाने पाणी दगडाच्या वीतभर खाली सरकले. तेथे दुसरा दगड ठेवला. असे पाच दगड झाले. दरम्यान मोटारसायकलवाल्यांपैकी दोघे कंटाळून परत गेले आणि उरलेले दोघे आमच्या डब्यातल्या दशम्या खाऊन आमचे सोबती झाले. पाऊण वाजता खुंट निम्मे उघडे पडले होते. पान आता माणसाच्या चालीच्या मागे राहू लागले. तेव्हा भावाने पायजमा वर केला, कमरेला दोर बांधला, त्याचे टोक आम्हा तिघांच्या हाती दिले आणि बांबूने ठोकत ठोकत तो मध्यापर्यंत पायी गेला. काँक्रीट जागेवर होते. पाणी तांबड्या रेघेच्या दोन बोटे खाली.

मग तयारी. पंख्याचा पट्टा उतरवला. कारण पंखा पाण्यात फिरला की पाती पुढे वाकून रेडिएटरला जाऊन भिडतात, आणि पाच मिनिटे पट्ट्याविना गेली तरी इंजिन तापत नाही. जाळीवर ताडपत्री बांधली. वहिनींना उतरवले नाही, पण दोन्ही दारांचे कापड गुंडाळून ठेवले, वेळ आलीच तर बाहेर पडता यावे म्हणून. लो गिअर, पहिला; आणि एकदा पाण्यात शिरल्यावर क्लच दाबायचा नाही. जीप चालत्या माणसाच्या वेगाने आत गेली. पुढे पाण्याची एक गोल वळी उठली आणि तिच्यामागे बंपरजवळचे पाणी खाली दबले. ती वळी मोडू न देता तिच्या मागोमाग जायचे, एवढेच कौशल्य. धुराच्या नळीतून बुडबुड आवाज येत होता. मध्यावर गाडी एकदा बाजूला चिमटीभर सरकल्यासारखी वाटली; तेवढ्यात भावाचे पोटऱ्यांचे स्नायू ताठ झालेले मी पाहिले. मोजून एक मिनिट लागले असेल. वरच्या काठाला लागल्यावर त्याने ब्रेक हलके हलके दाबून सुकवले, पट्टा चढवला, आणि मगच आम्ही घराकडे निघालो. सव्वा वाजला होता. अपराह्णकाळ टळला नाही. गुरुजीही तीनच्या आधी मोकळे झाले.

सोंडेमुळे हे साधले का? त्या दिवशी पाणी एअर क्लीनरच्या मूळ तोंडाच्या बरेच खाली होते. सोंड नसती तरी कदाचित पार झालो असतो. पण वळी मोडून एक लाट बॉनेटवर आली असती तर सहा चमचे पाण्याला कितीसा वेळ लागतो? सोंड त्या एका लाटेसाठी. आणि ते तीन तास कशासाठी, हे पलीकडच्या काठावरून पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगावे लागले नाही. त्यांतल्या एकाने भावाच्या हातातला बांबू मागून घेतला आणि त्यावरच्या रेघा बोटांनी चाचपून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसांचे बूच उघडून तेल पाहिले. पुढचे स्वच्छ होते. मागच्यात दुधाळ झाक आली होती; फरशीवरच्या हिसक्याने त्याची श्वासनळी छिद्रावरून निसटली असावी. ते तेल ओतून नवे भरले. नळीला आता दोन क्लिपा आहेत. बांबू गावातच राहिला. त्याच आठवड्यात पोरांनी त्याच्या मापाने फरशीच्या दोन्ही तोंडांच्या खुंटांवर रेघा मारल्या. पांढरी चुन्याची, आणि तांबडी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या रंगाची.